जावईबापूंसाठी मासा

माझे मेहुणे मोरोपंत अमरावतीला वकिली करत. घर सोवळ्याचं. मासा त्यांनी पाहिला असेल तो पंचांगात, मीन राशीच्या चित्रात. अशा माणसानं बासष्ट सालच्या मे महिन्यात गळ विकत आणला, याला कारण त्यांची मुलगी कुंदा.

कुंदा पुण्याला बी.ए. करायला गेली आणि पदवीबरोबर मालवणचा नवरा ठरवून आली. मुलगा गुणी. पण सासरी पंगतीत कुणीतरी म्हणायचंच, "आमच्या सूनबाईच्या गावी पाणी फक्त चित्रात दाखवतात." सगळे हसत, कुंदाही हसे. माहेरी हे सांगताना मात्र तिला हसू आलं नाही. ते मोरोपंतांनी पाहिलं.

"जावईबापूंना आपली तळी दाखवू," ते म्हणाले. "वऱ्हाडचा मासा त्यांच्या हातात देतो, मग बोला म्हणावं!"

"भाऊजी, मे चालू आहे," मी म्हटलं.

"मग? तळी काय कोर्टासारखी सुटीवर जातात?"

भाड्याची मोटार ठरली. मोरोपंत, माझी बहीण विमल, कुंदा, जावईबापू, मी आणि ड्रायव्हर शालिकराम. अचलपूरवरून चिखलदऱ्याला जायचं, वाटेत तळं दिसलं की थांबायचं. गांडुळं गाडीत येणार नाहीत, हे ताईनं आधीच बजावलं होतं. म्हणून आमिषाला तिनं कणीक भिजवली. हळद, ओवा, हिंग, वर तेलाचं मोहन.

"अगं, मासा आहे तो," मोरोपंत म्हणाले.

"म्हणून काय झालं? आपल्या हातचं खाणार ना?"

पहिल्या तळ्याशी मोरोपंत गळ खांद्यावर टाकून उतरले आणि काठावरच थबकले. तळ्याच्या पोटात टरबुजांची वाडी होती आणि वाडीत तानुबाई नावाची बाई राखण करत बसली होती.

"बाई, इथले मासे कुठे गेले?"

"माय वो! पाणीच नाही तं मासे काय वेलाले लागतीन? टरबूज घ्या, साखर हाये साखर."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोरोपंत तळ्यावर जात ते वर्षातून एकदाच, गणपती बुडवायला. भाद्रपदात तळं काठोकाठ भरलेलं असतं. ते उरलेलं वर्ष काय करतं, याची चौकशी करायचं त्यांना कधी कारणच पडलं नव्हतं.

जावईबापूंनी टरबूज चाखलं. "फार गोड आहे, वकीलसाहेब." मोरोपंतांना ते खोचक वाटलं. ते तसं नव्हतं.

दुसऱ्या तळ्यात पाणी होतं, पण त्यात म्हशी बसलेल्या होत्या. मोरोपंतांनी तरीही गळ टाकला. एका म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सायेब, म्हैस लागली तं सांगून ठेवतो, गाडीत जागा नाही," शालिकराम म्हणाला. "टरबुजंच मांडीवर घेऊन बसून राहिलो आपण."

"बाबा, राहू द्या ना," कुंदा हळूच म्हणाली.

"केस अर्ध्यावर सोडत नसतात."

चिखलदऱ्याच्या तळ्यात मात्र खरंखुरं पाणी होतं. मोरोपंत धोतर खोचून काठावर उभे राहिले ते उन्हं कलेपर्यंत. हिंगाचा वास घेऊन मासे परत जात असावेत. जावईबापू बराच वेळ नुसते शेजारी उभे होते. मग त्यांनी मोरोपंतांचं मनगट धरलं. "दोरी जरा ढिली सोडा, बाबा."

त्या दिवसापर्यंत ते 'वकीलसाहेब' म्हणत.

दोरी हलली आणि मासा वर आला. बोटाएवढा, आणि तोंड उघडमीट करणारा. मोरोपंत घाबरे झाले. "अगं विमल, याला पाणी दे! पाणी!"

ताईनं आयुष्यभराच्या सवयीनं फिरकीचा तांब्या उघडला आणि पुढे केला. मासा आत गेला, आणि आमचं सगळ्यांचं प्यायचं पाणीही गेलं.

"जावईबापू," मोरोपंत तांब्या पुढे करत म्हणाले. आवाज अभिमानाचा होता. "हा तुमचा. कसा... म्हणजे, कसा करायचा?"

जावईबापूंनी तांब्यात पाहिलं. मग पांढऱ्या पडलेल्या सासूकडे आणि डोळे पुसणाऱ्या कुंदाकडे पाहिलं. "बाबा, आमच्याकडे पहिला मासा परत सोडतात," असं म्हणून त्यांनी तांब्या तळ्यात उपडा केला. असा रिवाज मालवणात कुणी ऐकलेला नाही, हे मला पुढे कळलं.

पुढे हिवाळ्यात आम्ही मालवणला गेलो. आम्हाला भाजीभाकरीची वेगळी पंगत होती. विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्या चिखलदऱ्याचा मासा केवढा होता हो? आमचा हा तर कोपरापर्यंत हात दाखवतो!"

समोरच्या पंगतीत जावईबापूंनी मान भातात घातली. स्वयंपाकघराच्या दारात कुंदा वाटी धरून थांबली.

जन्मभर साक्षीदारांना शपथेची आठवण करून देणाऱ्या मोरोपंतांनी घास खाली ठेवला.

"छे हो," ते म्हणाले. कुंदाचा चेहरा उतरला. "कोपरापर्यंत कसला? तो आमच्यातला लहान. मोठे तांब्यात मावले नसते."