मार्गारेटबाईंचं उत्तर

"वाचा ना सुवर्णाताई, काय म्हणत्यात बाई?"

पहिली पाळी संपवून भिमाजी सातपूरच्या कारखान्यातून थेट नेटकॅफेत आला होता. हातांना ऑइल लागलेलं होतं, म्हणून कीबोर्डला शिवत नव्हता.

कॅफेवाल्या सुवर्णाताईंनी पडद्यावरचं इंग्रजी मराठीत सांगितलं, "मुलीच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरा आणि 'प' म्हणायला लावा. पट्टी हलली पाहिजे. घाई करू नका, रागावू तर मुळीच नका."

हे दोन हजार साल. भिमाजीच्या चार वर्षांच्या योगिनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अशा मुलांच्या आईबापांनी हौसेनं चालवलेल्या एका साइटवर सुवर्णाताईंनी त्याचा प्रश्न टाकला होता: पोरीला बोलायला कसं शिकवायचं? तिसऱ्या दिवशी स्कॉटलंडमधल्या मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं हे लांबलचक उत्तर आलं.

"आपली ना वळख ना पाळख. का लिवलं असंल एवढं?"

"तिथं सगळेच असं लिहितात," ताई म्हणाल्या.

मग दर शनिवारी तो येऊ लागला. बाईंच्या पत्रातलं ताई सांगत, तो वहीत उतरवून घेई: मुलीचा तळवा आपल्या गळ्यावर टेकवा, बोलताना होणारी थरथर तिला हाताला कळू द्या. चौदा महिन्यांनी एका सकाळी योगिनीनं रिकामा पेला पुढे करून "पानी" म्हटलं. भिमाजी जेवण टाकून सायकलवर बसला आणि बाईंना कळवायला थेट कॅफेत पोचला. उत्तरात मार्गारेटबाईंनी लिहिलं, की वाचून त्या स्वयंपाकघरातच रडत बसल्या.

योगिनी शाळेत रमली, पत्रं विरळ झाली. दोन हजार नऊ साली तिनं शाळेत सगळ्यांसमोर कविता म्हटली. बाईंना कळवायला भिमाजी कॅफेत गेला, तर साइट कुण्या कंपनीनं विकत घेतलेली. जिकडेतिकडे कानाच्या मशिनच्या जाहिराती. जुनी पत्रं गायब. बाईंना पाठवलेली मेलही परत आली.

"घरचा पत्ता आपण कधी विचारलाच नाही," ताई हळहळल्या.

"मिळालं ते लय मिळालं, ताई," भिमाजी म्हणाला आणि शेजारच्या दुकानातून वहीच्या दहा झेरॉक्स काढून आणल्या. योगिनीच्या शाळेत ठेवायला.

महिन्याभरानं कळवणहून यशोदाबाई ऐकू न येणाऱ्या तीन वर्षांच्या नातीला घेऊन घर शोधत आल्या. हातात शाळेतून मिळालेली तीच झेरॉक्स. "वाचलं, पर उमगत नाय, भाऊ."

भिमाजी समजावून सांगू लागला. तेवढ्यात योगिनी आतून आली, त्या मुलीसमोर मांडी घालून बसली, तिचा इवलासा तळवा आपल्या गळ्यावर टेकवला आणि सावकाश बोलू लागली.