पानांखाली लपवलेल्या गोळ्या

मित्रांनो, दारव्ह्याच्या हजराबीच्या घरातली मी जुनी पितळी पानपेटी. वर कात-चुन्याच्या वाट्या, खाली पानांचा खण. तांबटाने ठोकून ठोकून घडवले मला! हजराबीच्या लग्नात आले तेव्हा सोयऱ्यांची नजर नवरीआधी माझ्यावर गेली. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांनी माझ्यापुढे तोंड उघडू नये. पण आज बढाई मारायला बसले नाही. मी फार भ्यायले आहे.

दोन वर्षांपूर्वी हजराबीच्या छातीचे ठोके बेताल पडू लागले. डॉक्टर म्हणाले, अशाने रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्या, मला न विचारता सोडू नका. गोळ्यांची पट्टी लवंगांशेजारी माझ्यातच राहू लागली.

एक दिवस सुपारी कातरताना अडकित्ता निसटला. हजराबीचे बोट कापले, रक्त लवकर थांबेना. बोट दाबून धरायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा, एवढेच काम होते. पण शेजारची हंसाबाई बोललीच, "अवो भाभी, थे गोळी रगताचं पाणी करून राह्यली. कायले खाता?"

सून अस्मा म्हणाली, "अम्मी, डॉक्टरले विचारू का?"

"तू नको शिकवू मले! तुह्या जन्माआधीपासून सुपारी कातरून राह्यली मी."

दुसऱ्या सकाळपासून हजराबी अस्मासमोर गोळी काढायची, वरून पाणी प्यायची आणि गोळी हळूच माझ्या खणात, पानांच्या फडक्याखाली सरकवायची.

"घेतली का अम्मी?"

"घेतली ना! पोलिसात लागली काय तू?"

एक गोळी, दोन गोळ्या, अकरा गोळ्या. त्या माझ्या पितळेला टोचत होत्या. घरात ठाऊक होते ते मला एकटीलाच. आणि मला ना जीभ, ना पाय. रोज झाकण उघडले की मी आधी हजराबीचे तोंड बघायची. सरळ आहे ना?

बाराव्या सकाळी ते सरळ नव्हते.

तिच्या बोटांतून पान गळले. चुना साडीवर सांडला. अस्मा आधी हसली, "अम्मी, आज काय साडीले पान खाऊ घालता?" मग तिने सासूचे वाकडे झालेले ओठ पाहिले आणि किंचाळली. मुलगा जहीर धावत आला. आईला उचलताना त्याचा पाय मला लागला, मी फरशीवर आदळले आणि गोळ्या घरभर घरंगळल्या.

जहीरने त्या ओळखल्या, पटापट वेचल्या. मग गोळ्या खिशात कोंबून आईला जीपमध्ये घातले आणि थेट यवतमाळ गाठले. तिथे डॉक्टरांनी आधी हेच विचारले, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती का?" जहीरने मूठ उघडली. खरे कळले म्हणून योग्य इलाज लगेच सुरू झाला, असे अस्मा नंतर सांगत होती.

हजराबी घरी आली. उजवा हात अजून पान दुमडत नाही. आता सुपारी अस्मा कातरते, आणि हजराबी गोळी गिळून जीभ दाखवते. "पाह्य, गेली. झालं समाधान?" जीभ दिसेपर्यंत माझे झाकण थरथरत असते.

माझ्या कडेला पोचा पडला आहे. पडू दे. मित्रांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना सांगा. रक्त आले, शंका आली, तर डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको. माझ्यात पान ठेवा, सुपारी ठेवा. गोळी तेवढी माझ्या पोटात नको, त्यांच्या पोटात जाऊ द्या.