पार्थने मला दोनदा पळवलं

मी एक जुनी मोटारसायकल आहे, धावडा गावच्या तातेरावांची. मित्रांनो, नवी होते तेव्हा ते मला रोज पुसायचे. मिरच्यांची पोती, त्यांची आजारी बायको साळूबाई, सगळ्यांना मीच तालुक्याला, भोकरदनला नेलं.

एका बाजाराच्या दिवशी मला पार्थने पळवलं. आईबाप नसलेला, पंधरा वर्षांचा पोरगा. मागे चोरीच्या गाड्या विकणारा राजानंद बसला होता. पोलिसांनी पार्थला पकडलं, राजानंद निसटला. पार्थ मुलांच्या निरीक्षणगृहात गेला, मी ठाण्याच्या आवारात गंजत पडले.

मी घरी परतून महिनाही झाला नसेल, तोच पुन्हा तेच हात माझ्या हँडलवर आले. पार्थचेच. मी घाबरले.

“जल्दी चल!” मागून राजानंद ओरडला.

“मला न्हाई करायचं हे. लई भीती वाटून राह्यली.”

“मंग जाशील कुठं? शाळेत तरी घेतील का तुला?”

पार्थने वेग वाढवला. माझे ब्रेक झिजलेले. समोर अचानक शेळ्या आणि त्यांच्यामागे एक बाई! पार्थने मला वळवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या चारीत कोसळलो. राजानंद पळाला. पार्थचा पाय माझ्या तापलेल्या सायलेन्सरखाली अडकला. मला हलताही येईना.

लोक मारायला धावले. मागोमाग तातेराव पोहोचले. “थांबा! आधी गाडी उचला, पाय भाजून राह्यला त्याचा!”

मग त्यांनी विचारलं, “परत का रे केलंस?”

“सुटलो तवा काका आल्ता. सही केली अन् फाटकाबाहेरच सोडून गेला. घरी येऊ नको म्हणला. तिथं राजानंद उभा होता.”

पार्थ पुन्हा निरीक्षणगृहात गेला. पण या वेळी बाल न्याय मंडळासमोर तातेराव स्वतः गेले. सुटल्यावर मुलाला आमच्याकडे राहू द्या, म्हणाले. साळूबाईंना धास्ती वाटली. पार्थ घरी आल्यावर पहिले काही दिवस त्या माझी किल्ली कनवटीला लावून फिरायच्या. पार्थला ते दिसायचं. तो मान खाली घालून शाळेत जायचा.

परवा दुपारी अंगणाबाहेर राजानंदने हॉर्न वाजवला.  पार्थच्या हातातला घास तसाच राहिला.

साळूबाई बाहेर गेल्या. त्या राजानंदसमोर पाय रोवून उभ्या राहिल्या.

“पोरगं जेवून राह्यलं. तू निघ.”

मित्रांनो, राजानंद तेव्हा निघून गेला, पण तो पुन्हा येईल, ही भीती मला आजही आहे. म्हणून एकच मागते. निरीक्षणगृहातून सुटलेलं पोर फाटकाशी उभं दिसलं, तर राजानंदच्या आधी तुम्ही पोहोचा.