एकनाथरावांची लाल शाई

सुलभाबाईंच्या नवऱ्याला, म्हणजे एकनाथरावांना, इंग्रजीतली चूक दिसली की गप्प बसवतच नसे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, पण जित्याची खोड! हॉटेलातलं मेन्यूकार्ड असो की कुणाची लग्नपत्रिका, खिशातून लाल पेन निघालंच. "सारखे दिसणारे शब्द म्हणजे जुळी भावंडं. एकाच्या जागी दुसरं उभं केलंत की घोटाळा!" असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. दूधवाल्यालाही.

घरात प्रथमेश पस्तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. आजवर मुलींच्या फोटोंकडे ढुंकूनही न बघणारा हा पठ्ठ्या प्रणिताचा फोटो पाहून म्हणाला, "आई, हिला भेटायला कधी जायचं?" सुलभाबाईंना रडूच फुटलं. त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. स्थळ हिमायतनगरचं, कुसुमताईंनी आणलेलं. हैदराबादेतल्या मराठी घरांची लग्नं जुळवणाऱ्या या बाई जुन्या वळणाच्या. मोबाइलवर आलेलं स्थळ त्यांच्या लेखी स्थळच नव्हे. बायोडाटा कागदावर हवा, पाकिटात घातलेला.

आठवडा गेला तरी निरोप येईना, तेव्हा सुलभाबाईंनीच फोन लावला. पलीकडून कुसुमताई उसळल्या, "नक्को होतं तर मला आधी सांगायचं की गं! प्रणिताच्या वडिलांना मी तोंड कसं दाखवू?"

"नक्को? कोण म्हणालं?"

"बायोडाटा परत गेला की तुमच्याकडून!"

सुलभाबाईंनी फोन ठेवला. त्यांच्या लोकांत नकार तोंडानं देत नाहीत. कागद मुकाट्यानं परत करतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

एकनाथराव बाल्कनीत पेपर वाचत होते.

"अहो, प्रणिताचा बायोडाटा कुठाय?"

"दिला ना पाठवून. तपासून."

"तपासून?"

"मग! वडील मुख्याध्यापक, तर 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग असं की त्यांचं तत्त्वच होऊन बसलंय. मामाचं सुलतान बाजारात वह्या-पेनांचं दुकान, पण 'स्टेशनरी'च्या स्पेलिंगचा अर्थ होतो 'न हलणारं'."

"मग दुकान कधी हलतं का हो?"

"खाली शेराही मारलाय, प्रेमानं. 'आणखी प्रयत्न हवेत'."

"अरे देवा!" सुलभाबाईंनी कपाळावर हात मारला. "सून होणार होती ती, सहामाहीचा पेपर नव्हता! उठा, चला आत्ताच्या आत्ता."

मिठाईचा डबा घेऊन दोघांनी रिक्षानं हिमायतनगर गाठलं. प्रणिताच्या वडिलांनी, अंबाजीरावांनी, 'या' म्हटलं, पण तोंडदेखलं. सुलभाबाईंनी आधी हातच जोडले. "तो नकार नव्हता हो! ह्यांना लाल पेनाची खोड आहे, दुसरं काही नाही. आमच्या प्रथमेशला तुमची प्रणिता फार आवडलीय."

अंबाजीराव खो खो हसले. "हौ का! आणि आम्ही इथं परेशान, मुलीनं ह्यांचं काय बिघडवलं म्हणून!"

पाणी घेऊन आलेली प्रणिताही हसली. "काका, माझं तर भलंच झालं. सगळ्या चुका सुधारून मी कागद नव्यानं टाइप केला."

सुलभाबाईंच्या जिवात जीव आला. "मग रविवारी भेटू द्यायचं ना पोरांना?"

बापलेक एकमेकांकडे बघू लागले.

"ताई," अंबाजीराव हळूच म्हणाले, "तो नवा कागद प्रणिताच्या मावशीनं नामपल्लीच्या एका घरी दाखवला. त्या मंडळींना इतका पसंत पडला, काय सांगू! इतका शुद्ध बायोडाटा कधी बघितला नाही म्हणाले. मग पोरं भेटली, मनं जुळली. काल सुपारी फुटली."

सुलभाबाईंना प्रथमेश आठवला. फोटो बघून पोराचा चेहरा कसा फुलला होता! आता त्याला काय सांगायचं?

"एकही चूक सापडली नाही म्हणता?" एकनाथराव खुर्चीतून पुढे सरकले.

"एकही नाही, काका."

एकनाथरावांची छाती फुगली. तोच सुलभाबाईंनी त्यांच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "प्रथमेशला हे तुम्हीच सांगायचं."

एकनाथरावांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि बायकोच्या हातात ठेवलं.