आधी मी, मग तो

१९७१ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या विभागात तो आला आणि माझा जळफळाट सुरू झाला.

मित्रांनो, मी एक जुनी आकडेमोडीची मशीन आहे. पोलादी अंग, आत दातेरी चाकं, उजव्या कुशीला हँडल. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. भागाकारात एक फेरा जास्त झाला की मी घंटी वाजवते; तेवढीच माझी बोली. एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविज्ञान विभागात आकडेवाल्या काकूंनी मला सतरा वर्षं फिरवलं. माझं वजन पाहून त्यांनी माझं नाव ठमाबाई ठेवलं होतं. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने माझं तोंड पुसायच्या.

तेव्हा संशोधक बाईंना एकच ध्यास होता. ऑपरेशन झालेला माणूस किती दिवसांत हिंडूफिरू लागेल, हे आधी सांगता येईल का? वय आणि जखम यांवर ते ठरतं, असं सगळे मानत. बाई म्हणत, रोज जवळ येऊन बसणारं माणूसही धरा. पण भेटीची वेळ होती अवघा अर्धा तास. ती वाढवायला साहेबांची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही हवी होती.

"अहो बाई," साहेब म्हणाले, "तरुणाला मित्र जास्त, म्हणून भेटायला येणारेही जास्त. आणि तरुण तसाही लवकर बरा होतो. तुमच्या गप्पांनी काय केलं त्यात?"

"म्हणूनच आधी वय आणि जखम यांना त्यांचं श्रेय देऊन टाकते. त्यानंतर भेटींच्या वाट्याला काही उरलं तर मानाल?"

"उरलं तर सही करीन."

पहिली पायरी माझ्याकडे आली. एकशे अठरा रुग्ण, तीन आठवडे, काकूंच्या मनगटाला सूज. बरं व्हायला लागणाऱ्या दिवसांत रुग्णारुग्णांत जो फरक पडतो, त्यातले शंभरातले चोवीस भाग वय आणि जखम यांनी उलगडले. काकूंनी वहीत चोवीस लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात कॉम्प्युटर आला. कपाटाएवढा! त्याच्यासाठी खोली थंड ठेवायची. माझ्यासाठी कधी कुणी खिडकीसुद्धा उघडली नव्हती. त्याला पाहायला दारात गर्दी. काकूसुद्धा "केवढा तोरा आहे हो याचा!" म्हणाल्या आणि दोन दिवस मला पुसायला विसरल्या. हे मी आजही विसरलेली नाही.

तो चालवणाऱ्या चष्मेवाल्याने भोकं पाडलेली कार्डं लावली. कागद बाहेर आला: भेटी वीस, त्यानंतर वय आणि जखम तेरा.

"वीस?" साहेबांनी पेन काढलं. "आणा, करतो सही."

काकूंनी वही उघडली. "थांबा. आमच्या ठमाबाईचे चोवीस कुठे गेले?"

"काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो," चष्मेवाला म्हणाला.

"तो नाही चुकला. तुम्ही भेटींना रांगेत पुढे घुसवलंत. वयाच्या वाट्याचंही त्यांनीच खाल्लं."

मी मनातून नाचले. आता याची हकालपट्टी! पण बाईंचा चेहरा उतरला होता. कार्डं पुन्हा, ठरल्या क्रमाने लागली. तो काही मिनिटं गुरगुरला. वय आणि जखम चोवीस, त्यावर भेटींची भर नऊ. काकूंनी पुढचे पंधरा दिवस मला फिरवून ताळा पाहिला. नऊच.

"विसाचे नऊ झाले, बाई."

"पण हे नऊ कुणाचे लाटलेले नाहीत, साहेब."

साहेबांनी सही केली. भेटीची वेळ दोन तास झाली.

मी मात्र जळतच राहिले. मग एकदा बाईंचा प्रश्न मीच मला विचारला: आधी मला धरलं, तर त्याने वर किती भर घातली? माझे पंधरा दिवस, त्याची काही मिनिटं. उत्तर कडू होतं.

पुढे बाई विभागप्रमुख झाल्या. साहेब त्याच रुग्णालयात दोन महिने अंथरुणाला खिळले. भेटीची वेळ झाली की दाराकडे पाहायचे, आणि बाई यायच्या. चष्मेवाला त्यानंतर कार्डांच्या प्रत्येक खोक्यावर 'आधी क्रम' अशी चिठ्ठी डकवत राहिला. कॉम्प्युटर अकरा वर्षांत भंगारात गेला. चौघांनी उचलून नेला, तेव्हा वाटलं, आता जळायचं तरी कुणावर? काकू निवृत्तीनंतरही येऊन मला पुसायच्या. एके वर्षी आल्या नाहीत.

आता मी काचेच्या कपाटात आहे. हँडल अडकलंय. मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा, पण त्याच्याआधी तिथे कोण होतं तेही विचारा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर जवळ जाऊन बसा. नऊ थोडे वाटतील. पण ते मी स्वतः मोजलेत.