दुधातले सरगुंडे

रुख्मिणीनं पास्त्याचा पुडा दातांनी फाडला आणि सगळाच्या सगळा उकळत्या दुधात ओतला.

अर्धाच घालायचा होता, असं छकुलीनं सांगितलं तोवर उशीर झाला होता. पुण्याहून सुट्टीला आलेली नात ओट्यावर मोबाइल धरून बसली होती. मोबाइलमधली बाई दहा मिनिटांत पास्ता करून दाखवत होती आणि दर वाक्याला हसत होती.

रुख्मिणीनं पातेल्यात डोकावलं. पोकळ, वाकड्या नळ्या, तोंडं उघडी.

सरगुंडे.

दुसरं काय? फक्त कुणीतरी यंत्रात वळलेले.

ढवळत राहा, बाई म्हणाली.

ती ढवळत राहिली. आंबे पाडाला लागले की ओसरीत दोघी बसायच्या, ती आणि धाकटी जाऊ कोकिळा. कोकिळा कणकेची दोरी सुतासारखी ओढायची, रुख्मिणी ती काडीवर गुंडाळायची. एकटीला जमतच नाही ते. दोरी एकीच्या हातात, काडी दुसरीच्या. मग वाळवण, मग उकडून आमरसात बुडवलेले सरगुंडे आणि अख्ख्या घराची पंगत. कोकिळा सासूची नक्कल अशी हुबेहूब करायची की एकदा खुद्द सासूच पदरात तोंड लपवून हसत आत गेली.

आता चीज किसून घाला.

घातलं. दूध दाटलं, पिवळसर झालं, बुडबुडे जड झाले.

यंदा सरगुंडे झाले नाहीत. दिवाळीत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भाऊ भांडले, चुली वेगळ्या झाल्या, अंगणात कमरेएवढी भिंत आली. भाऊ आता चिखलीच्या बाजारात शेजारी बसून चहा पितात. जावा मात्र बोलत नाहीत. आधी आपण बोलायचं नाही, असं रुख्मिणीनं ठरवलं होतं. कोकिळेनंही तेच ठरवलं असणार. तिला ती ओळखून होती.

मोबाइल बंद पडला. चार्जिंग संपलं.

"आजी, शिजलं ते कसं कळणार?"

रुख्मिणीला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वळणं तिचं, शिजवणं कोकिळेचं. तिनं पळीत एक तुकडा घेतला आणि न बघताच हात डावीकडे लांबवला.

"कोकिळा, शिजले का पाह्य बरं."

शब्द खिडकीतून भिंतीपलीकडे गेले. पलीकडचं भांडी घासणं थांबलं. छकुली आजीकडे बघत राहिली. रुख्मिणीचा हात तसाच हवेत. मागे घ्यावा, तर बोललेलंही मागे घेतल्यासारखं.

भिंतीला वळसा घालून कोकिळा दारात आली. ओले हात तिनं साडीला पुसले, आत येऊन पळीतला तुकडा उचलला. बोटांतच त्याचा लगदा झाला. रुख्मिणीला ते दिसलं.

"कोनं वळले हे? हात बसला नाही त्याचा."

तिनं तो तोंडात टाकला. सावकाश, बराच वेळ चावला.

"कच्चे हायेत अजून, बाई," ती म्हणाली. "टाइम लागीन."

आणि ओट्याजवळच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"आजी, झालंय की गं," छकुली कुरकुरली.

"थांब वं जराशी."

रुख्मिणीनं गॅस बारीक केला आणि पातेल्यात आणखी दूध ओतलं.