कळतंय का?

मी एक जुना नायलॉनचा दोरा आहे, मित्रांनो. दोरा म्हटल्यावर तुम्हाला पतंग आठवला असेल. पण मी जेमतेम बोटभर लांबीचा, प्लॅस्टिकच्या मुठीत रोवलेला. संगमनेरच्या एका दवाखान्यात, टेबलाच्या खणात माझा मुक्काम असतो. दिसायला मी झाडूतून निसटलेल्या काडीसारखा, म्हणून आपली ओळख आपणच करून द्यावी लागते.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली. कातडीवर टेकवलं की ठरावीक दाबाला वाकायचं आणि उचललं की पुन्हा ताठ व्हायचं. एवढा हलका स्पर्शही निरोगी कातडीला कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला तो बहुधा कळत नाही, कारण त्या रोगात कातडीतल्या नसा बधिर होत जातात. वरून मात्र तो चट्टा कधी गजकर्णासारखा दिसतो, तर कधी कोडासारखा. डोळ्यांना न दिसणारा फरक दाखवायचा, हे माझं काम.

डॉक्टर आदिनाथांनी मला आणलं ते संशोधनासाठी. अशा फसव्या चट्ट्यांचं निदान लवकर आणि अचूक कसं करावं, याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी आम्ही जिल्हाभर हिंडलो. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर तर जीपच्या टपावर सामान बांधून गेलो. डॉक्टरांचा एक नियम होता. "तोंडी विचारायचं नाही," ते शिकाऊ डॉक्टरांना बजावत. "पेशंटला डोळे मिटायला सांगा. जिथे स्पर्श होईल तिथे त्याने बोट ठेवायचं. माणूस भिडेपोटी हो म्हणतो, बोटाला भीड नसते." हे ऐकलं की मला फार बरं वाटायचं.

घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करणारा आसाराम एकदा आला. त्याच्या मांडीवरचा चट्टा सगळ्यांनी गजकर्ण ठरवून टाकला होता. त्याने डोळे मिटले, मी चट्ट्यावर टेकलो, वाकलो, उठलो, पण त्याचं बोट जागचं हललं नाही. औषध वेळेवर सुरू झालं आणि तो बरा झाला. "दात बघून म्हशीचं वय सांगतो मी," तो म्हणाला, "पर माझं कातडं मलाच कळलं न्हाई. ह्या दोऱ्यानं माझा पाय वाचवला, सायेब." डॉक्टरांनी मला कापसाने हळूच पुसून ठेवलं. हा माणूस मला कधी अंतर देणार नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग अभ्यासात मोबाईल आला. फोटो काढला की चट्टा कशाचा ते तो सांगायचा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे दिसलं ते तो बोलला. राग आहे तो डॉक्टरांवर, कारण नियम त्यांचा होता आणि मोडलाही त्यांनीच.

अकोले तालुक्यातल्या एका शिबिरात चांगुणाबाई आल्या. भातशेती करणाऱ्या, कामाला वाघीण. कोपराखाली फिकट चट्टा होता. मोबाईलने गजकर्ण सांगितलं आणि बाहेर रांग वाढत होती. "आंघोळीनंतर हे मलम लावायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा," असं सांगता सांगता डॉक्टरांनी मला नावापुरतं चट्ट्यावर टेकवलं. डोळे मिटायला सांगितलं नाही, बोट ठेवायला सांगितलं नाही. फक्त विचारलं, "कळतंय का?"

"व्हय, कळतंय की," चांगुणाबाई म्हणाल्या.

मी वाकून त्यांच्या बोटाची वाट पाहत होतो, तेवढ्यात मला उचलून पिशवीत टाकलं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी अनुभवलं. गळा त्या बाईंचा होता आणि केस म्हणून मला वापरलं होतं. त्यानंतर मी खणात पडलो, तो चार्जरच्या वायरींखाली.

पुढच्या आवणीला, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, चांगुणाबाई संगमनेरला आल्या. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. भाताच्या रोपांची जुडी हातात धरता येत नव्हती. तळहाताच्या कडेला तव्याने भाजल्याचा फोड होता, पण कधी भाजलं हे त्यांना सांगता येईना.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कळतंय म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी मलम कसं लावायचं ते सांगत हुता, अन् मधीच इचारलं, कळतंय का. मला वाटलं, सांगितलेलं समजलं का म्हनून इचारत्यात. म्हनून व्हय म्हनले."

डॉक्टरांनी खण उघडून मला शोधून काढलं. "चांगुणाबाई, डोळे मिटा," ते म्हणाले. "जिथे स्पर्श होईल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा."

मी चट्ट्यावर टेकलो. जरा सरकून पुन्हा टेकलो. मग करंगळीवर, मग तळहाताच्या कडेवर. त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला नाही. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "लावा की, डॉक्टर. कवाची डोळे झाकून बसले हाय."

आता औषध चालू आहे. रोग जाईल. वळलेली बोटं किती सरळ होतील, ते मात्र डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल. मला पुसून ठेवलं नाहीत तरी चालेल, विसरलात तरी मी सोसेन. पण हातात घेतलंत, तर माझ्या नावावर खोटी साक्ष लिहू नका. समोरच्याला डोळे मिटायला सांगा, आणि त्याच्या बोटाची वाट पाहा.